गार्सिया आडनावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पेनमधलं सगळ्यात जास्त लोकांचं आडनाव म्हणजे गार्सिया. कोलंबियाचा नोबेलविजेता लेखक, स्पेनचा गोल्फपटू, फिलिपिन्सचा राष्ट्राध्यक्ष, फ्रान्सची टेनिसपटू आणि सोळाव्या शतकात मुंबई बेट भाड्याने घेणारा एक वैद्य, या सगळ्यांच्या नावात ते आहे. त्यामुळे ही एवढी मंडळी एकमेकांची कोण, असं कुतूहल वाटणं साहजिक आहे. त्यावर नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

गार्सिया हे आडनाव मुळात कुठलं?

स्पेनच्या उत्तर भागातलं. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी, आजच्या नवारा आणि बास्क प्रदेशाच्या पट्ट्यात ते पहिल्यांदा ठळकपणे दिसतं. नवव्या-दहाव्या शतकातल्या लॅटिन कागदपत्रांत ते गार्सेआ, गार्सेआस अशा रूपांत येतं. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची निम्मी उत्तरं तिच्यावर उभी आहेत: त्या काळी गार्सिया हे आडनाव नव्हतंच. ते माणसाचं नाव होतं, पाळण्यातलं.

त्याचा अर्थ ‘अस्वल’ असा आहे, हे खरं का?

असू शकतं, पण पक्कं नाही. बास्क भाषेत अस्वलाला ‘हार्त्स’ म्हणतात आणि गार्सियाची बास्क रूपं गार्त्सिया, गार्त्सेआ अशी आहेत. त्यावरून हा तर्क निघाला. त्याला थोडं बळही मिळतं, कारण त्या मुलखात जनावरांवरून नावं ठेवायची रीत होती. ओचोआ हे आडनाव बास्क ‘ओत्सोआ’ म्हणजे लांडगा यावरून आलं आणि लोपेझ हे लॅटिनमधल्या लांडग्यावरून. दुसरा तर्क ‘गाझ्ते’, म्हणजे तरुण, या बास्क शब्दाकडे बोट दाखवतो. भाषातज्ज्ञांत दोन्हींचे समर्थक आहेत. नाव रोमनांच्या आधीच्या, बहुधा बास्क थरातलं असावं, याबद्दल मात्र मोठा वाद नाही.

इंटरनेटवर तिसरी एक कथा फिरते: जर्मन टोळ्यांच्या भाषेतल्या भाल्यावरून हे नाव पडलं म्हणे. वाचायला शूरवीर वाटते, पण तिला आधार नाही. आपला पूर्वज भालाईत असावा असं कुणालाही वाटतं.

इतिहासात नोंदला गेलेला सुरुवातीचा गार्सिया कोण?

ठळक असा पहिला म्हणजे पाम्प्लोनाचा (आजच्या नवारातल्या जुन्या राज्याचा) राजा गार्सिया इनिगेझ. नवव्या शतकाच्या मध्याला तो गादीवर आला. ८५९च्या सुमारास व्हायकिंग लुटारू पाम्प्लोनापर्यंत आत घुसले, राजालाच उचलून घेऊन गेले आणि जबर खंडणी वसूल करून त्यांनी त्याला सोडलं. ही हकिगत अरबी बखरींत आहे. तिथे त्याचं नाव गर्सिया इब्न वन्नको असं लिहिलं आहे, म्हणजे इनिगोचा मुलगा गार्सिया. ‘इनिगेझ’चा अर्थही तोच. स्पॅनिश आणि अरबी, दोन्ही लेखनिकांनी आपापल्या पद्धतीने एकच गोष्ट टिपली: स्वतःचं नाव आणि मग बापाचं.

ही पद्धत कशी चालायची ते पाहायचं असेल तर याच पाम्प्लोनाच्या राजांची यादी वाचावी. दहाव्या शतकाच्या सुरुवातीचा सांचो गार्सेस पहिला. त्याचा मुलगा गार्सिया सांचेझ पहिला. त्याचा मुलगा सांचो गार्सेस दुसरा. त्याचा गार्सिया सांचेझ दुसरा. त्याचा मुलगा सांचो गार्सेस तिसरा, ज्याला इतिहास ‘थोरला सांचो’ म्हणतो. त्याचा मुलगा गार्सिया सांचेझ तिसरा, जो १०५४मध्ये अतापुएर्काच्या लढाईत सख्ख्या भावाच्या फौजेकडून मारला गेला. आणि त्याचा सांचो गार्सेस चौथा. घराणं एकच, पण ‘आडनाव’ दर पिढीला बदलतं: गार्सियाचा मुलगा तो गार्सेस, सांचोचा मुलगा तो सांचेझ. आजोबांचं नाव नातवाला ठेवत गेल्यामुळे दोनच नावांची अशी साखळी तयार झाली.

तोपर्यंत हे नाव पश्चिमेकडेही पोचलं होतं. लिओनच्या गादीवर ९१०मध्ये एक गार्सिया बसला आणि दहाव्या शतकाच्या अखेरीस कास्तीलचा सरदार गार्सिया फर्नांडेझ होता. राजघराण्यांत गाजलेलं नाव रयतेतही पसरतं, तसं ते पसरलं.

मग त्याचं आडनाव कधी झालं? आणि फर्नांडेझ, रॉड्रिगेझसारखं शेवटी ‘एझ’ का नाही?

स्पॅनिशमधली ‘एझ’वाली आडनावं म्हणजे ‘अमक्याचा मुलगा’. फर्नांडोचा फर्नांडेझ, रॉड्रिगोचा रॉड्रिगेझ, मार्टिनचा मार्टिनेझ. गार्सियाचं असं रूप गार्सेस. ते आजही आडनाव म्हणून आहे, पण त्या मानाने कमी लोकांचं. बहुतेक ठिकाणी बापाचं नाव प्रत्यय न लावता तसंच मुलाच्या नावापुढे ठेवलं गेलं: पेद्रो गार्सिया, म्हणजे गार्सियाचा पेद्रो.

मध्ययुगाच्या उत्तरार्धात ही नावं हळूहळू गोठली. पेद्रो गार्सियाचा मुलगा हुआन आता ‘हुआन पेरेझ’ (पेद्रोचा हुआन) न होता ‘हुआन गार्सिया’च राहू लागला. या गोठण्याला चर्चच्या वह्यांनी मोठा हातभार लावला. १४९०च्या दशकात तोलेदोचे आर्चबिशप सिस्नेरोस यांनी आपल्या हद्दीतल्या पॅरिशना, म्हणजे गावोगावच्या चर्चना, बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवायला लावल्या आणि १५६३मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदी सगळ्या कॅथलिक जगाला सक्तीच्या केल्या. तरीही बराच काळ ढिलाई होती. एकाच आईबापाच्या मुलांपैकी एक बापाचं आडनाव लावतोय, दुसरा आजीचं, तिसरा ज्याच्याकडून जमीन मिळणार त्या काकाचं, असं सर्रास दिसतं. आज दिसणारी पक्की चौकट आली ती १८७०च्या नागरी नोंदणी कायद्यानंतर.

गंमत म्हणजे नाव म्हणून गार्सिया तोवर जवळपास वापरातून गेलं होतं. आज मुलाचं नाव गार्सिया ठेवलेलं सहसा ऐकू येत नाही.

गार्सिलासो हे वेगळं नाव का?

मूळ गार्सियाच. ‘गार्सिया लासो’ एकत्र म्हणता म्हणता गार्सिलासो झालं. याच नावाचा एक मोठा लेखक पेरूमध्ये झाला. १५३९मध्ये कुस्कोत इंका राजकन्या आणि स्पॅनिश कप्तान यांच्या पोटी जन्मलेला. त्याचं बाप्तिस्म्याचं नाव गोमेझ सुआरेझ दे फिगेरोआ होतं. पुढे स्पेनला गेल्यावर त्याने वडिलांचं नाव घेतलं आणि तो इंका गार्सिलासो दे ला व्हेगा झाला. आडनावं तेव्हा किती सैल होती, याचा यापेक्षा चांगला नमुना सापडणार नाही.

उच्चार काय करावा?

माद्रिदकडे ‘गार्थीआ’, त्यातला ‘थ’ जीभ दातांमध्ये आणून. आंदालुसियाचा बराचसा भाग, कॅनरी बेटं आणि सगळी लॅटिन अमेरिका इथे ‘गार्सीआ’. आघात ‘सी’वर, म्हणूनच स्पॅनिश लिपीत त्या अक्षरावर आघातचिन्ह असतं. पोर्तुगीज, कॅटलान आणि फ्रेंच लेखनात ते चिन्ह नाही; अमेरिका आणि फिलिपिन्समध्येही सहसा दिसत नाही. मराठीत ‘गार्सिया’ रुळलं आहे आणि ते ठीक आहे.

आज स्पेनमध्ये किती गार्सिया आहेत?

स्पेनच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या आकड्यांनुसार पहिलं आडनाव गार्सिया असणारे साधारण साडेचौदा लाख. शंभरातले तीन. दुसरं आडनाव गार्सिया असणारेही जवळपास तेवढेच. आणि आईकडूनही गार्सिया, वडिलांकडूनही गार्सिया असे ‘गार्सिया गार्सिया’ पाऊण लाखाहून जास्त आहेत. खालोखाल असलेली रॉड्रिगेझ आणि गोन्झालेझ ही आडनावं प्रत्येकी सव्वानऊ लाखांच्या आसपास अडकतात, म्हणजे पहिल्या नंबरला जवळ कुणी नाही.

वाटणी सारखी नाही. माद्रिद, आविला, तोलेदो, अस्तुरियास, अल्बासेते इथे गार्सिया दाट. गालिसियात मात्र रॉड्रिगेझ आणि फर्नांडेझ पुढे, कॅनरी बेटांतही रॉड्रिगेझच वरचढ. जिथून नाव निघालं त्या बास्क मुलखातच त्याची दाटी सगळ्यात जास्त असेल असं वाटतं, पण तसं नाही. तिथे घराच्या किंवा वाडीच्या नावावरून पडलेली बास्क आडनावं मोठ्या संख्येने आहेत.

बार्सिलोनाची गोष्ट आणखी वेगळी. कॅटलान आडनावं म्हणजे पुज, फेरर, व्हिला, सोलेर वगैरे. तरी कॅटलोनियातही आज पहिला क्रमांक गार्सियाचाच लागतो. विसाव्या शतकात, विशेषतः १९५० ते १९७५च्या दरम्यान, आंदालुसिया, मुर्सिया, एक्स्त्रेमादुरा इथून लाखो माणसं कारखान्यांत आणि बांधकामावर कामाला बार्सिलोनाभोवती आली. त्या लोंढ्याची खूण आजही टपालपेट्यांवर वाचता येते.

स्पॅनिश माणसाला दोन आडनावं का असतात?

पहिलं वडिलांचं पहिलं आडनाव, दुसरं आईचं पहिलं आडनाव. कवी फेदेरिको गार्सिया लोर्का घ्या: वडील फेदेरिको गार्सिया रॉड्रिगेझ, आई विसेंता लोर्का रोमेरो. मुलाने दोघांकडचं एकेक उचललं. लग्नानंतर बाई आपलं आडनाव बदलत नाही, त्यामुळे एकाच घरात नवरा, बायको आणि मुलं अशी तीन वेगळी जोडनावं नांदतात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

१९९९च्या कायद्याने आईवडिलांना हा क्रम संमतीने उलटा करण्याची मुभा दिली. २०१७पासून तर वडिलांचं आडनाव आपोआप पुढे येणंही थांबलं. आईवडिलांनी क्रम ठरवून सांगायचा, नाहीच जमलं तर नोंदणी अधिकारी ठरवणार. आपल्याकडेही १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव घालणं महाराष्ट्र सरकारने सरकारी कागदपत्रांसाठी सक्तीचं केलं. फरक इतकाच की इथे आईचं नाव येतं, तिथे आईचं आडनाव.

पोर्तुगाल आणि ब्राझीलमध्ये परंपरेने आईचं आधी, वडिलांचं शेवटी. क्रम नेमका उलटा. स्पॅनिश आणि पोर्तुगीज नावांत गोंधळ होतो तो बहुधा इथेच.

नोबेलविजेत्या लेखकाला ‘मार्केझ’ म्हणावं की ‘गार्सिया मार्केझ’?

गार्सिया मार्केझ. पहिलं आडनाव गार्सिया, त्यामुळे स्पॅनिश ग्रंथालयात ते ‘ग’च्या कप्प्यात सापडतात. मराठीत मात्र त्यांना सरसकट ‘मार्केझ’ म्हणायची सवय आहे आणि ती जायची लक्षणं दिसत नाहीत. गार्सिया इतकं सार्वत्रिक आहे की स्पॅनिश लोकही कधीकधी दुसऱ्या आडनावाने ओळख धरतात. कवीला ते ‘लोर्का’च म्हणतात.

पण गार्सिया मार्केझ यांच्या आडनावात एक मेख आहे. त्यांचे वडील गाब्रिएल एलिजिओ हे विवाहबाह्य संबंधातून जन्मलेले. त्यांच्या वडिलांचं आडनाव मार्टिनेझ होतं, पण त्यांनी आईचं गार्सिया लावलं. जगभर गाजलेलं हे ‘वडिलांकडचं’ गार्सिया खरं तर एका आजीचं आहे. आडनावावरून बापाचा वंश काढणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावं.

लॅटिन अमेरिकेत ते कसं गेलं?

जहाजांतून आणि बाप्तिस्म्यातून, दोन्ही वाटांनी. सेव्हिल शहरात १५०३मध्ये स्थापन झालेल्या व्यापार मंडळाच्या परवानगीशिवाय कायदेशीरपणे अमेरिकेला जाता येत नसे. सुरुवातीचे प्रवासी प्रामुख्याने आंदालुसिया, एक्स्त्रेमादुरा आणि कास्तीलचे, म्हणजे गार्सिया भरपूर असलेल्या मुलखातले. त्यांची मुलंबाळं तिकडे वाढली.

दुसरी वाट जास्त रुंद होती. मूळ रहिवाशांचा बाप्तिस्मा करताना मिशनऱ्यांनी, धर्मपित्यांनी किंवा जमीनदारांनी स्पॅनिश नावं दिली. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनाही मालकाचं आडनाव चिकटलं. त्यामुळे मेक्सिकोत किंवा पेरूत गार्सिया असणं म्हणजे स्पॅनिश रक्त असणं, असं समीकरण मांडता येत नाही. मेक्सिकोत आज एर्नांडेझ पहिलं आणि गार्सिया दुसरं आहे.

फिलिपिन्समध्ये इतके गार्सिया कसे?

स्पॅनिश राजवटीतल्या एका हुकमाचा यात मोठा वाटा आहे. बाप्तिस्मा घेतलेल्या असंख्य फिलिपिनो कुटुंबांनी दे ला क्रूझ, दे लोस सांतोस अशी धार्मिक नावं उचलली होती आणि सख्ख्या भावांचीही आडनावं जुळत नव्हती. करवसुली करायची कशी? म्हणून गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लाव्हेरिया याने २१ नोव्हेंबर १८४९ला हुकूम काढला आणि सोबत आडनावांचा वर्णानुक्रमे छापलेला जाडजूड कॅटलॉग पाठवला. त्यात सुमारे साठ हजार नावं होती: स्पॅनिश आडनावं, गावं, झाडं, प्राणी, गुण, शिवाय स्थानिक भाषांतले शब्द.

कॅटलॉगची पानं प्रांतांत वाटली गेली, प्रांतातून गावांत. गावच्या पाद्र्याने आणि मुखियाने ती कुटुंबांपुढे ठेवायची. एखाद्या गावाला एकाच अक्षराची पानं आली तर अख्खं गाव त्या अक्षराचं झालं. अल्बाय प्रांतातल्या ओआस गावात आजही ‘र’ने सुरू होणाऱ्या आडनावांचीच गर्दी आहे. चार पिढ्या वापरात असलेलं आडनाव सिद्ध करता आलं तर ते ठेवायची सवलत होती.

आज गार्सिया फिलिपिन्सच्या आघाडीच्या आडनावांत आहे. १९५७ ते १९६१ या काळातले राष्ट्राध्यक्ष कार्लोस पोलिस्तिको गार्सिया यांचं नाव नीट पाहा: मधलं पोलिस्तिको हे आईचं आडनाव, शेवटचं गार्सिया वडिलांचं. स्पॅनिश रीतीत ते ‘गार्सिया पोलिस्तिको’ झाले असते. अमेरिकी अमलात फिलिपिन्सची नावं अशी फिरली.

अमेरिकेत हे आडनाव कितव्या क्रमांकावर आहे?

२०१०च्या जनगणनेत सहाव्या: ११,६६,१२० माणसं. १९९०मध्ये ते अठरावं होतं, २०००मध्ये आठवं. पहिल्या दहात स्पॅनिश आडनाव शिरण्याची ती पहिलीच वेळ, आणि सोबत रॉड्रिगेझ नववं आलं. ही वाढ मुख्यतः मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून झालेल्या स्थलांतराची. पण टेक्सास, न्यू मेक्सिको, कॅलिफोर्नियातले काही गार्सिया कुठूनच आलेले नाहीत. १८४८मध्ये मेक्सिकोचा हरलेला मुलूख अमेरिकेकडे गेला तेव्हा ते जागच्या जागी दुसऱ्या देशाचे झाले.

आणि फ्रान्समध्ये?

तिथेही ते नेहमीच्या ऐकण्यातलं आहे. स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकवाद्यांचा पाडाव झाल्यावर १९३९च्या सुरुवातीला लाखो स्पॅनिश निर्वासितांनी पिरेनीज ओलांडला. पुढे १९६०च्या दशकात मजूर गेले. अल्जेरियात, विशेषतः ओरानच्या बाजूला, स्थायिक झालेली स्पॅनिश वंशाची कुटुंबं १९६२नंतर फ्रान्समध्ये आली.

गोव्याशी याचा काही संबंध आहे का?

आहे, पण लोक समजतात तो नाही. गोव्यातले फर्नांडिस, रॉड्रिग्स, लोपीस, गोन्साल्विस ही पोर्तुगीज आडनावं. शेवट ‘एस’चा, स्पॅनिश ‘एझ’चा नाही. ती धर्मांतराच्या वेळी पोर्तुगीज पाद्री किंवा धर्मपित्याकडून आली. स्पेनने गोव्यात आडनावं वाटली नाहीत.

खरा दुवा जुन्या पद्धतीच्या गार्सियांचा, ज्यांचं हे पहिलं नाव होतं. १५३८ ते १५४० गोव्याचा व्हाइसरॉय दों गार्सिया द नोरोन्या. १५४८-४९मध्ये गव्हर्नर गार्सिया द सा. त्याची बायको कातारिना हिची कबर जुन्या गोव्यातल्या रोझरीच्या चर्चमध्ये आहे. आणि या सगळ्यांत आपल्या जवळचा म्हणजे वैद्य गार्सिया द ऑर्टा. त्याचे आईवडील १४९२मध्ये स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू. तो पोर्तुगालमध्ये वाढला, शिकला स्पेनमधल्या सालामांका आणि अल्काला इथे, आणि १५३४मध्ये गोव्याला आला. भारतीय औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३मध्ये गोव्यात छापला गेला. मुंबईचं बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. ग्रंथातल्या आंब्यावरच्या संवादात मुंबईहून त्याच्या कुळाने पाठवलेली आंब्यांची करंडी दारात येते. तो १५६८मध्ये वारला. १५८०मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली. पणजीत चर्चसमोरच्या बागेला त्याचं नाव आहे.

गार्सिया म्हणजे मूळचे ज्यू, असं वाचलं. खरं का?

आडनावावरून ते ठरत नाही. बाप्तिस्मा घेतलेल्या ज्यू आणि मुस्लिम कुटुंबांनी चारचौघांत मिसळून जायला सर्वांत सामान्य आडनावं घेतली, त्यात गार्सियाही होतं. पण सामान्य म्हणजेच शेजारच्या लाखो ख्रिस्ती शेतकऱ्यांचंही तेच. स्पेनने सेफार्दी ज्यूंच्या (पूर्वी स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंच्या) वंशजांना नागरिकत्व देण्याची चर्चा सुरू केल्यावर हजारो आडनावांची एक ‘अधिकृत यादी’ फिरू लागली. ती बनावट होती. २०१५च्या त्या कायद्यात अशी यादी नव्हतीच.

गार्सिया घराण्याचं कुलचिन्ह कोणतं?

बाजारात विकायला पुष्कळ आहेत. काहींवर बगळा असतो, कारण स्पॅनिशमध्ये बगळ्याला ‘गार्सा’ म्हणतात आणि नावाशी कोटी जुळते. पण कुलचिन्ह विशिष्ट घराण्याला मिळायचं, आडनावाला नाही. साडेचौदा लाख लोकांचं एक चिन्ह असूच शकत नाही. भेटवस्तू म्हणून भिंतीवर लावायला हरकत नाही.

सगळे गार्सिया एकमेकांचे नातेवाईक असतात का?

नाही. गार्सिया नावाचे बाप गावोगावी होते आणि प्रत्येकापासून स्वतंत्रपणे हे आडनाव सुरू झालं. महाराष्ट्रात दोन जाधव भेटले तर ते आधी गाव आणि देवक विचारतात, नुसत्या आडनावावरून सोयरीक-भाऊबंदकी ठरवत नाहीत. तोच शहाणपणा इथे लागू आहे. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राच्या अभ्यासांतूनही हेच दिसतं: दुर्मिळ स्पॅनिश आडनावांत समान पूर्वज सापडण्याची शक्यता बरीच, गार्सियासारख्यांत नगण्य.

एखाद्या गार्सिया कुटुंबाचा माग काढायचा तर सुरुवात कुठून करावी?

गार्सिया हा शब्द बाजूला ठेवून. दुसरं आडनाव धरा; ते दुर्मिळ असेल तर निम्मं काम झालं. मग गाव शोधा, प्रांत नाही, गाव. १८७१पासूनच्या नोंदी नागरी नोंदणी कार्यालयात, त्याआधीच्या पॅरिशच्या वह्यांत. अमेरिकेला गेलेल्यांसाठी सेव्हिलच्या इंडीज अभिलेखागारातली प्रवाशांची कागदपत्रं. त्यांचा बराच भाग स्पेन सरकारच्या अभिलेखागार पोर्टलवर फुकट पाहता येतो. फिलिपिन्सच्या बाबतीत १८४९च्या मागे जाताना जपून, कारण हुकमाआधी त्याच कुटुंबाचं नाव वेगळं असू शकतं. आणि स्पेनच्या सांख्यिकी संस्थेच्या संकेतस्थळावर दोन्ही आडनावं टाकून प्रांतवार नकाशा जरूर बघा. दुसरं आडनाव एका कोपऱ्यात दाटलेलं दिसलं, तर पहिलं पत्र त्याच कोपऱ्यातल्या पॅरिशला पाठवा.